कागदाहून पातळ बेटे

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या भूगोल कक्षाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आली आणि तिच्यावर टांगलेला जुना कापडी नकाशा हिंदी महासागराच्या बरोबर मधोमध फाटला. मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षे भूगोल शिकवते आहे. नवा नकाशा दुकानातून आणणे सोपे होते. परंतु तयार नकाशांत समुद्र म्हणजे एक सपाट निळा पत्रा असतो आणि बेटे म्हणजे त्यावर शिंपडलेले ठिपके, ही माझी जुनी खंत होती. तो निळा पत्रा एकदा तरी उचलून खाली काय आहे ते मुलांना दाखवावे, या इच्छेने नववीच्या अकरा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अरबी समुद्राचा, त्याच्या तळासह, उठावदर्शक नकाशा तयार करायचे मी ठरवले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेले हे काम नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी पुरे झाले.

पहिलाच प्रश्न हद्दीचा निघाला. अरबी समुद्र कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे मी इतकी वर्षे हाताने हवेत एक गोल काढून दाखवत आले होते; फळीवर पेन्सिलीने रेघ मारायची वेळ आली तेव्हा हवेतला गोल चालेना. समुद्रांच्या सीमा सांगणारी आंतरराष्ट्रीय जलालेखन संस्थेची पुस्तिका आहे, तिची १९५३ सालची आवृत्ती आम्ही आधाराला घेतली. तिच्यानुसार हा समुद्र पश्चिमेला आफ्रिकेच्या शिंगावरच्या ग्वार्डाफुई भूशिरातून जाणाऱ्या रेखावृत्तापाशी एडनच्या आखाताला भेटतो. वायव्येला ओमानच्या रास अल हद्दपासून बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरच्या जिवानीपर्यंतची रेषा त्याला ओमानच्या आखातापासून वेगळे करते आणि दक्षिणेला मालदीवच्या अगदी शेवटच्या अड्डू कंकणद्वीपापासून (कंकणद्वीप म्हणजे कंकणासारखे गोल प्रवाळबेट) सोमालियाच्या रास हाफूनपर्यंतची रेषा त्याची मर्यादा ठरते. पूर्वेकडची रेषा वाचताना मात्र मी थांबले, कारण ती कारवारजवळच्या सदाशिवगडाच्या दीपस्तंभापासून निघते, तेथून नैर्ऋत्येला कोरा दिव्ह नावाच्या बुडालेल्या उथळ्यापर्यंत जाते आणि मग लक्षद्वीप व मालदीव यांच्या पश्चिम कडेने खाली उतरते. म्हणजे या व्याख्येप्रमाणे लक्षद्वीप हे अरबी समुद्राच्या पोटात नसून त्याच्या काठावर आहे, आणि त्या बेटांच्या व केरळच्या मधल्या पाण्याला लक्षद्वीप समुद्र असे स्वतंत्र नाव आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत लक्षद्वीप अरबी समुद्रातच सांगितलेले असते आणि व्यवहारात ते चुकीचे नाही. पण काळी नदीच्या मुखावरचा एक ओळखीचा गड दोन समुद्रांच्या सीमारेषेचा आरंभबिंदू आहे, ही गोष्ट मुलांना इतकी आवडली की फळीवर पहिली टाचणी त्यांनी तेथेच रोवली.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चार फूट लांब व चार फूट रुंद प्लायवूड कापून आणले. ५१ ते ७८ अंश पूर्व रेखावृत्ते आणि १ अंश दक्षिण ते २६ अंश उत्तर अक्षवृत्ते, असा सत्तावीस अंशांचा चौरस त्यावर घ्यायचा होता. एका अंशाला ४.४ सेंटिमीटर दिले की एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २५ किलोमीटर हे प्रमाण येते. अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते सरळ चौकटीत मांडल्यामुळे उत्तरेकडे जाताना पूर्व-पश्चिम अंतरे फुगतात. बलुचिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यापाशी ती प्रत्यक्षापेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी मोठी दिसतात. हा दोष आम्ही समजून उमजून पत्करला आणि तसे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेही, कारण मुलांना पट्टीने मोजता येईल अशी चौकट मला अधिक महत्त्वाची वाटत होती.

खोलीसाठी एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण ठरवले. उभे प्रमाण आडव्या प्रमाणाच्या पंचवीस पट झाले, पण तसे केले नसते तर समुद्राचा सारा तळ दोन मिलिमीटरांत आटोपला असता. पाच मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका फलक, म्हणजे पाचशे मीटर. साडेचार हजार मीटरांपासून पाचशे मीटरांपर्यंत वर येणारे असे आठ थर, त्यावर तीन मिलिमीटरांचा एक, आणि सर्वांत वर दोनशे मीटरांपर्यंतच्या उथळ पाण्यासाठी दोन मिलिमीटरांचा पुठ्ठा, अशी मांडणी झाली. साडेचार हजारांहून खोल असलेला भाग म्हणजे उघडे प्लायवूड.

समुद्राच्या खोलीची माहिती जगभरातून एकत्र करून नकाशे करण्याचा जेब्को हा प्रकल्प १९०३ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि त्याचे आकडे आज कोणालाही विनामूल्य मिळतात. शाळेच्या संगणक शिक्षकांनी त्यावरून समान खोलीच्या रेषा काढून दिल्या. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून त्या ए-झिरो आकाराच्या दोन कागदांवर छापून आणल्या. कार्बन पेपर ठेवून एकेक रेषा सनबोर्डवर उतरवायची, ती कापायची, खालच्या थरावर बसवून पाहायची आणि मगच चिकटवायची, असा क्रम होता. कटर मी आणि कार्यानुभवाचे सर यांच्याच हातात असे. रेषा उतरवण्याचे काम मुलांचे.

सनबोर्डपर्यंत आम्ही थेट पोहोचलो नव्हतो. पहिला प्रयोग एका विद्यार्थ्याच्या घरी उरलेल्या जुन्या थर्माकोलवर केला. रबरी गोंद लावताच थर्माकोल विरघळू लागला आणि दुपारभर खपून कापलेला ओमानचा किनारा डोळ्यांदेखत खचला. तोच गोंद सनबोर्डला उत्तम धरतो, हे रविवार पेठेतल्या दुकानदारांनी सांगितले. दुसरी चूक माझी होती, आणि तिने तीन शनिवार घेतले. बेटे ही नकाशाची शोभा आहे अशा समजुतीने मी लक्षद्वीपचे लहान लहान डोंगर सुटे तयार करून तळावर उभे केले, तळावर शंकू ठेवावेत तसे. पुढचे थर चढू लागले तसे ध्यानात आले की ते डोंगर सुटे नाहीतच. खालचे थर त्यांना एकमेकांशी जोडत चालले होते. सगळे शंकू खरवडून काढावे लागले.

थर जसजसे बसत गेले तसतशी समुद्राची अंगकाठी दिसू लागली. मुंबई आणि सौराष्ट्रासमोर दोनशे मीटरांचा पुठ्ठा तीनशे किलोमीटरांच्या घरात रुंद आहे, तर केरळसमोर तो अरुंद पट्टी होऊन जातो. मुंबई हाय ज्यावर उभे आहे तो हाच रुंद भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरांवर, म्हणजे फळीवर जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरांवर, आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळी पठाराचा भाग येतो. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे हे पठार सुमारे २,००० चौरस किलोमीटरांचे आहे आणि त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटर खाली आहे. वीस मीटर पाण्यामुळे ते बेट होत नाही, म्हणून शाळेच्या कोणत्याही नकाशात त्याला जागा नसते. आम्ही दिली. ज्यांची गावे देवगड आणि राजापूरकडची आहेत अशा दोन मुलांनी ते काम मागून घेतले.

त्यापलीकडे उत्तरेकडचा तळ मात्र विलक्षण सपाट आहे. सिंधू नदीने हिमालयातून आणलेला गाळ समुद्रतळावर पंख्यासारखा पसरला आहे; त्याचे क्षेत्र सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या साडेतीन पटींहून अधिक. जगात याहून मोठा गाळाचा पंखा एकच, बंगालच्या उपसागरातला. तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, मुळा-मुठेचा गाळ यात आहे का?" पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, फळीवर चार बोटेही नाही, तरीही आपल्या नद्यांचे पाणी भीमा आणि कृष्णेतून सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. आमच्या फळीवर पुण्याचा गाळ नव्हता. पुण्याचे दुसरे काही होते, ते पुढे येईल.

सपाटीला तोडणाऱ्या रांगा थोड्या आहेत, पण त्यांची नावे म्हणजे सागरसंशोधनाचा इतिहास आहे. १९३३-३४ च्या मोहिमेत 'मबाहिस' या इजिप्तच्या जहाजाने शोधलेल्या रांगेला सागरसंशोधक जॉन मरे यांचे नाव आहे. आग्नेयेकडे तिरपी जाणारी कार्ल्सबर्ग रांग १९२८ ते १९३० च्या डॅनिश मोहिमेने त्या मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावे ओळखली. येथे सागरतळ दुभंगतो आणि नवा तळ तयार होतो. आपल्या किनाऱ्यासमोरच्या लक्ष्मी खोऱ्यात रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी तीन बुडालेली शिखरे आहेत. चंद्रशेखर वेंकट रामन मुलांना ठाऊक होते. पणिक्कर हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक आणि वाडिया हे थोर भूशास्त्रज्ञ, हे मी सांगितले. एव्हरेस्टचे नाव सगळ्यांना माहीत असते आणि वाडियांच्या नावाचा डोंगर आपल्याच समुद्रात असून कोणाला माहीत नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पश्चिमेकडची बेटे करायला सोपी गेली, कारण ती खऱ्या अर्थाने जमीन आहेत. ओमानच्या किनाऱ्याला लागून असलेले मसीरा फळीवर लांबट येते. त्याच्या नैर्ऋत्येला खुरिया मुरियाची पाच बेटे आहेत. त्यांपैकी केवळ अल हल्लानियावर वस्ती आहे. येमेनचे सोकोत्रा तर आमच्या फळीवरचे सर्वांत मोठे बेट. मुख्य बेटाशिवाय अब्द अल कुरी, समहा आणि दरसा ही तीन बेटे त्या समूहात येतात. ही बेटे ज्वालामुखीने किंवा प्रवाळाने बांधलेली नाहीत. एडनचे आखात उघडताना अरबस्तानापासून तुटून राहिलेला तो खंडाचाच तुकडा आहे. म्हणून त्याच्या मध्यभागी ग्रॅनाइटचे हग्गिएर डोंगर दीड हजार मीटरांपर्यंत उंच चढतात, आणि म्हणूनच दीर्घकाळ एकाकी राहिल्यामुळे तेथल्या सुमारे ८२५ वनस्पतींपैकी ३७ टक्के जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत. दीड सेंटिमीटर उंचीचे ते डोंगर आम्ही लगद्याने घडवले. तेथल्या होक गुहेत प्राचीन भारतीय नाविकांनी ब्राह्मीत कोरलेले लेख आहेत आणि त्यांत भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भरूचचा, उल्लेख येतो. पावसाळी वाऱ्यांवर स्वार होऊन हा समुद्र ओलांडणारी माणसे तेथे मुक्काम करीत. फळीवर भरूच आणि सोकोत्रा यांच्यात धागा ताणला तेव्हा तो नव्वद सेंटिमीटरांहून लांब भरला, आणि वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही.

आता उरली होती लक्षद्वीप आणि मालदीव. येथेच खरा प्रश्न उभा राहिला.

लक्षद्वीपची छत्तीस बेटे मिळून जमीन भरते ३२ चौरस किलोमीटर, आणि मालदीवच्या सुमारे १,१९० बेटांची मिळून २९८ चौरस किलोमीटर. आमच्या प्रमाणात लक्षद्वीपची सगळी जमीन पाच चौरस मिलिमीटर होते. मालदीव धरूनही एक चौरस सेंटिमीटरचा अर्धा भागच झाकला जातो. दहा किलोमीटरांच्या आसपास लांब असलेले मिनिकॉय एका जिऱ्याएवढे, कवरत्ती त्याच्या निम्म्याएवढे, आणि २०११ च्या जनगणनेत २७१ माणसे नोंदवलेले बित्रा टाचणीच्या टोकाएवढे. ही झाली लांबी-रुंदी. उंचीचा हिशेब मुलांनी केला आणि मी तो दोनदा तपासला. ही बेटे समुद्रसपाटीपासून साधारण दीड-दोन मीटर वर आहेत. उंची पंचवीस पट वाढवूनही दोन मीटर म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. वहीचा कागद त्याच्या पाच पट जाड असतो.

म्हणजे ही बेटे कशाचीच करता येत नव्हती. खसखस चिकटवली तर ती शंभर मीटर उंचीची झाली असती. "पण बाई, दिसलीच नाहीत तर नकाशाचा उपयोग काय?" असे एका मुलीने विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. दोन तास चर्चा झाली. शेवटी मी निर्णय घेतला की बेटे वाढवायची नाहीत. बारीक ब्रशाने पांढऱ्या रंगाचा एक स्पर्श करायचा आणि नावे धाग्याने समासात नेऊन लिहायची. हा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. बेटे रंगाच्या एका पातळ थरात संपल्यामुळे पाहणाऱ्याची नजर आपोआप त्यांच्याखाली गेली.

त्यांच्याखाली जे होते ते करताना हाताला कळत गेले. वरचा दोन मिलिमीटरांचा पुठ्ठा लक्षद्वीपसाठी इतक्या लहान तुकड्यांत कापायचा होता की कटर चालेना. तेव्हा कार्यालयातले कागदांना भोके पाडायचे पंचिंग यंत्र कामी आले. त्यातून पडणारी सहा मिलिमीटरांची चकती पंधरा किलोमीटरांच्या प्रवाळपठाराला पुष्कळशी जुळते. मालदीवची कंकणद्वीपे मोठी आहेत. हुवाधू एकटेच तीन सेंटिमीटरांचे. कंकणद्वीपाला जगभर जो 'अटॉल' शब्द वापरतात तो मालदीवच्या धिवेही भाषेतूनच गेला आहे, आणि त्याच भाषेचे एक रूप, महल, आपल्या मिनिकॉयवर बोलले जाते. प्रशासनाच्या नकाशावर मिनिकॉय भारतात असले तरी उत्तरेला नऊ अंशांची खाडी आणि दक्षिणेला आठ अंशांची खाडी त्याला दोन्ही शेजाऱ्यांपासून तोडतात. उत्तरेची खाडी सुमारे दोनशे किलोमीटर रुंद, म्हणजे फळीवर आठ सेंटिमीटर. मात्र खालचे थर बसवताना दिसले की ही ताटातूट वरवरची आहे. लक्षद्वीपच्या उत्तरेकडच्या अमिनदिवी बेटांपासून अड्डूपर्यंत एकच लांब पर्वतरांग दक्षिणोत्तर पडलेली आहे, आणि फळी संपते तेथेही ती थांबत नाही. ती पुढे चागोस बेटांपर्यंत जाते. पश्चिमेच्या बाजूला तिचा पायथा चार किलोमीटरांच्या आसपास खोल आहे.

प्रवाळ उथळ, उबदार, सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या पाण्यातच भिंत बांधतात. मग इतक्या खोल समुद्राच्या मधोमध त्यांना पाय टेकायला जागा कोणी दिली? बुडत जाणाऱ्या ज्वालामुखी बेटाच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतात आणि शेवटी बेट नाहीसे होऊन कंकण उरते, असे चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले होते. १९८७ सालच्या खोदन मोहिमेत मालदीवच्या रांगेवर प्रवाळी चुनखडकाखाली बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक, लागला आणि त्याचे वय सुमारे ५.७ कोटी वर्षे निघाले.

बेसाल्ट हा शब्द मी उच्चारला आणि वर्गाच्या खिडकीतून समोर दिसणाऱ्या टेकडीकडे बोट दाखवले. पुण्याची टेकडी, शाळेची जोती, जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे लेणे, सगळा बेसाल्टच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेट जेथे आहे त्या तप्तबिंदूवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येतो त्या जागेवरून, भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत होता, वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहून अधिक वेगाने. तप्तबिंदू जागच्या जागी आणि भूपट्ट चालता. आधी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले, मग लक्षद्वीपखालची रांग, मग मालदीव, मग चागोस. पुढे सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आज रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागता आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ या रांगेची जन्मकथा अशीच सांगतात. मी ही कथा पूर्वीही शिकवली होती. पण त्या रांगेचे आठ थर हाताने रचून झाल्यावर ती सांगताना माझा आवाज थोडा कापला, हे मुलांनाही जाणवले असावे.

दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी टेकडीवरून काळ्या दगडाचा एक तुकडा आणला, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याची पूड करून ती काळ्या रंगात मिसळली आणि सह्याद्रीपासून मालदीवच्या पायथ्यापर्यंत एकाच रंगाचा हात दिला. बाकी तळ निळा, सिंधूचा पंखा मातकट, सोकोत्रा तांबूस. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून ते सनबोर्डच्या एका थरावर बसले, त्याच काळ्या रंगात.

फळी भिंतीवर चढवायच्या वेळी एका मुलाने रियुनियन कोठे येईल असे विचारले. ते २१ अंश दक्षिणेवर आहे, आणि आमची फळी १ अंशावर संपते. वीस अंश गुणिले ४.४, म्हणजे नकाशाच्या खालच्या रेषेपासून ८८ सेंटिमीटर खाली, आणि डाव्या रेषेपासून सुमारे वीस सेंटिमीटर आत. सुतारकाकांना सांगून आम्ही फळी जमिनीपासून एक मीटर उंचीवर बसवली. आता त्या भिंतीवर, फरशीच्या थोडे वर, तांबड्या ऑइलपेंटचा एक ठिपका आहे. मुख्याध्यापिका बाई पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आधी बेटे कोठे आहेत असे विचारले. मुलांनी त्यांना पांढरे ठिपके दाखवले आणि मग सगळेजण त्या तांबड्या ठिपक्यापाशी खाली बसले. रोज फरशी पुसणाऱ्या मावशींनाही मुलांनी तो कशाचा आहे ते सांगितले आहे, आणि त्या तेवढ्या भागावरून फडके हलक्या हाताने फिरवतात.